तुलनेचा वर्ग

नाशिक रोडला रेल्वेलाईनच्या पलीकडे नगरपालिकेची एक शाळा होती. शाळेतल्या सगळ्यांत लांब खोलीत मधोमध फळ्यांची भिंत घालून तिचे दोन वर्ग केले होते. एका बाजूला तिसरी अ, दुसऱ्या बाजूला तिसरी ब. फळ्या जुन्या झाल्या होत्या आणि त्यांच्यात बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. अ वर्गात कविता सुरू झाली की ब वर्गातली मुलं वजाबाकी करता करता तीच कविता गुणगुणायची. अ वर्ग कुसुमबाईंचा होता. ब वर्ग शैला निकाळे हिचा.

शैला येवल्याकडच्या एका खेड्यातली. वडील सहादू रेल्वेत गँगमन होते, आई लोकांच्या शेतात कांदे काढायला जायची. छप्पन्न साली घरानं धम्म घेतला तेव्हा शैला आठ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी वडिलांनी तिला नाशिकला मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. तिथूनच ती मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि या शाळेत लागली. लग्न झालं ते निवृत्ती निकाळे यांच्याशी. ते नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर होते. दोन मुलं, वसाहतीतल्या दोन खोल्या, पाळीप्रमाणे बदलणारं जेवणाचं वेळापत्रक, असा त्यांचा संसार होता.

शाळेत तिचा लौकिक शिस्तीचा. तिच्या वर्गात गलका नसे, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं असे, आणि एकदा 'हो' म्हटलं की ती मागे फिरत नसे. अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये चिंतामण गायधनी शाळेत आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी कुसुमबाईंच्या जोडीला तिचं नाव सांगितलं ते याच कारणानं.

गायधनी सर नाशिकच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत. घर पंचवटीत, घराणं यात्रेकरूंच्या उपाध्यायांचं. भाऊ अजून गोदाकाठी बसत. यांनी मात्र एम.एड. करून नोकरी धरली होती आणि आता पीएच.डी.साठी संशोधन हाती घेतलं होतं. त्यांचा प्रश्न असा होता, की तिसरीपर्यंत पोचूनही जी मुलं वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी चालू वर्गातच काही वेगळं केलं तर ती वाचायला लागतात का. पद्धत त्यांनी फार अवघड योजली नव्हती. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून बघायचं, की त्याला अक्षर येतं, शब्द येतो, वाक्य येतं की उतारा येतो. मग रोज पहिला अर्धा तास इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि मूल जिथे अडलंय तिथून त्याला उचलायचं. अक्षरवाल्यांचा एक गट, शब्दवाल्यांचा दुसरा, असे गट करायचे. जाड कागदाच्या पट्ट्यांवर मुलांच्याच तोंडचे शब्द लिहायचे. मूल पुढे सरकलं की त्याला पुढच्या गटात बसवायचं.

हे कोणत्या वर्गात करायचं ते ठरवायला सरांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत नाणं उडवलं. अ वर्गाचा कौल लागला.

"मग माझ्या वर्गानं काय करायचं?" शैलानं विचारलं.

"तुम्ही नेहमी शिकवता तसंच शिकवायचं," सर म्हणाले. "तुमचा वर्ग तुलनेसाठी. या पद्धतीतलं काही, अगदी एक पट्टीसुद्धा, तुमच्या बाजूला यायला नको. एप्रिलमध्ये शेवटची चाचणी झाली की पुढच्या वर्षापासून तुम्हालाही सगळं साहित्य देतो."

"बरं," शैला म्हणाली.

पहिली चाचणी जूनच्या अखेरीस झाली. सरांनी व्हरांड्यात टेबल टाकलं होतं. एकेक मूल जायचं, खुर्चीत बसायचं आणि समोरचं वाचायचं. मुलं अनोळखी माणसाला बुजतील म्हणून शैलाला शेजारी बसवलं होतं.

तिच्या वर्गात मैना नावाची एक मुलगी होती. आई सरुबाई नवीन वसाहतींच्या बांधकामावर बिगारी काम करायची, बाप गवंड्याच्या हाताखाली. मैना वर्गात पुढे बसे. पुस्तकातला कोणताही धडा काढा, ती ओळींवरून बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवी. पहिलीपासून शैलाच तिला शिकवत होती आणि वाचणाऱ्या मुलांत तिची गणना करत होती.

सरांनी मैनाला आधी पुस्तकातला धडा दिला. तो तिनं न अडखळता म्हटला. मग त्यांनी एक कोरी पट्टी घेतली, तिच्यावर त्याच धड्यातला 'पाऊस' हा शब्द लिहिला आणि तिच्यापुढे धरली. मैनानं पट्टीकडे पाहिलं, मग शैलाकडे पाहिलं. सरांनी 'घर' लिहिलं. मैना गप्प. मग सरांनी नुसता 'घ' लिहिला, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "हे मला पुस्तकात दावा ना, मंग सांगते."

सरांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. त्यांना त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. त्या सकाळी ब वर्गातली मैनासारखी आणखीही मुलं निघाली, निम्म्याला थोडी कमी. शैला टेबलापाशी बसून होती. मुलं धडे पाठ म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण आपण ज्याला वाचन समजत होतो ते नुसतं पाठांतर होतं, आणि दोन वर्षांत आपल्याला ते एकदाही कळलं नाही, हे तिला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला नेहमीसारखं शिकवायचं होतं, आणि तेच जमेना. पूर्वी ती धडा वाचून दाखवायची, मुलं मागून म्हणायची, आणि तास छान गेला असं वाटायचं. आता मुलं मागून म्हणू लागली की तिची नजर आपोआप त्यांच्या बोटांकडे जाई. बोटं भलत्याच ओळीवर असत. ते दिसूनही तिला तसंच पुढे जावं लागे. स्वतःचीच जुनी नक्कल करत ती शिकवत होती.

पलीकडे कुसुमबाईंच्या वर्गात सकाळचा अर्धा तास नुसता गलबला असे. मुलं जमिनीवर घोळक्यानं बसत, पट्ट्या लावत, भांडत. आवाज फटींतून येई आणि ब वर्गातली मुलं कान देत. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी घरून खळ करून आणली आणि स्वतः उभं राहून फटींवर वर्तमानपत्रं चिकटवली. मुलांनी ओल्या बोटांनी त्या कागदाला आठवडाभरात भोकं पाडली. सरांनी पुन्हा कागद लावले. रागावले नाहीत.

सहामाहीनंतर शैलानं त्यांना शाळेच्या फाटकापाशी गाठलं. सर सायकल बाहेर काढत होते.

"सर, अ वर्गातली मुलं वाचायला लागलीत. मला इथून ऐकू येतं."

"काही लागलीत."

"मग माझ्या वर्गाला आत्ता सुरू केलं तर काय बिघडेल?"

सरांनी सायकल स्टँडवर लावली. ते कधी घाईनं उत्तर देत नसत. "बाई, मुलं तशीही वाढतात. जूनमध्ये न येणारी गोष्ट डिसेंबरात त्यांना आपोआपही येते. उद्या मी म्हणालो, की बघा, माझ्या पद्धतीनं मुलं वाचायला लागली, तर ते पद्धतीमुळे झालं की वयामुळे, हे कशावरून सांगू? शाळेत दर चार-दोन वर्षांनी काहीतरी नवीन येतं. तक्ते येतात, पेट्या येतात. सगळे म्हणतात छान आहे. मग त्या पेट्या कपाटावर जाऊन बसतात. कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं. तुमचा वर्ग आहे म्हणून मला ते सांगता येईल."

शैलाला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं ठरलं असतं तर तिला उलट सोपं गेलं असतं. ती वर्गात परतली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा भरली, तेव्हा सरुबाई मैनाला सोडायला आली. एरवी ती कधी येत नसे. कडेवर धाकटा होता.

"बाई, हे वरीस पुरं करू द्या तिला. तिसरी झाली की बास."

"बास म्हणजे?"

"मंग ह्याला कोन धरील? मी पाट्या उचलू का ह्याला घेऊ?" सरुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "वाचाया येतंय तिला. घरी समदं म्हनून दाखवती. लय झालं तेवढं."

शैलानं तिला खरं सांगितलं नाही. सांगून सरुबाई काय करणार होती? पुढच्या वर्षी सगळं साहित्य देतो, असं सर म्हणाले होते. मैनाला पुढचं वर्षच नव्हतं.

आणखी काही आठवडे तिनं शब्द पाळला. मग डिसेंबरातल्या एका सकाळी हजेरी झाल्यावर तिनं मुलांना पुस्तकं मिटायला सांगितली आणि जमिनीवर बसवलं. पट्ट्या तिनं घरीच कापून आणल्या होत्या. पहिल्या पट्टीवर काय लिहू, असं तिनं मैनाला विचारलं. मैना म्हणाली, "घमेलं." शैलानं घमेलं लिहिलं. मैनानं ती पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

हे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी निवृत्तींची पहिली पाळी होती. रात्री ते घरीच जेवायला बसले, आणि तिनं ताट वाढता वाढता त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत जेवत राहिले.

"सरांना सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आमच्याकडे मशीनवर काही चुकलं तर त्याच पाळीत सांगायचं. पुढच्या पाळीवर ढकललं की ती चूक राहत नाही, लबाडी होते."

"मी चूक केली असं मला वाटत नाही."

"वाटू नको देऊ. पण सांग."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. ती सुटल्यावर शैला बसनं नाशिकला गेली आणि महाविद्यालयात सरांना भेटली. ते वर्ग आटोपून स्टाफरूममध्ये एकटेच बसले होते. तिनं उभ्यानंच सांगितलं.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"या सोमवारपासून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एकट्या मैनाला वेगळं बसवणं बरं दिसलं नसतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

शैलानं माफी मागितली नाही आणि सरांनी ती अपेक्षिली असं दिसलं नाही. ती निघताना ते एवढंच म्हणाले, "आता सुरू केलंय तर बंद करू नका. त्याचा काही उपयोग नाही."

सरांच्या प्रबंधाच्या पुण्यातल्या मार्गदर्शकांनी निकाल दिला, की सरमिसळ झाली, ही तुलना आता धरता येणार नाही. सरांचं वर्ष वाया गेलं. पुढच्या जूनला त्यांना दुसऱ्या दोन शाळा शोधून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पण ते बोलले नाहीत तेवढं कुसुमबाई बोलल्या. "मी वर्षभर घसा कोरडा केला तो कशासाठी?" त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं. "तुझ्या एका पोरीपायी माझ्या चाळीस पोरांचं नाव पुसलं गेलं." त्यानंतर बरेच महिने दोघींत कामापुरतंच बोलणं होतं.

मैना एप्रिलपर्यंत वाक्यांच्या गटात पोचली. ओळीखाली बोट धरून, थांबत थांबत, पण न पाहिलेलं वाक्य वाचू लागली. मग ती शाळेत यायची थांबली.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर गायधनी सर पुन्हा शाळेत आले. आधी कुसुमबाईंना भेटले, मग शैलाकडे आले.

"तुमच्या वर्गाचा प्रबंधाला उपयोग नाही," ते म्हणाले. "पण मला एक जाणून घ्यायचंय. त्या मुलांना आज काय येतं? चौथीत आहेत त्यांची चाचणी मी घेतो. जी शाळा सोडून गेली ती तुम्हाला सापडतील का?"

शैला रविवारी हिंडून त्यांना शोधू लागली. कोणी देवळालीगावात राहायला गेलं होतं, कोणी आजोळी पोचलं होतं. मैना एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर सापडली. धाकटा वाळूच्या ढिगावर खेळत होता आणि ती त्याच्यावर नजर ठेवून बसली होती. शैलाला बघून ती हसली आणि उठून उभी राहिली. शैलानं तिच्यापुढे पट्ट्या ठेवल्या. अक्षरं तिला सगळी आली. सोपे शब्द आले. 'घमेलं' पट्टी पुरती दिसायच्या आत तिनं ओळखलं. वाक्य दिलं तेव्हा पहिला शब्द लागला, दुसरा लागला, तिसऱ्याला ती थांबली, आणि मग पुढचं तिनं मनानंच रचून म्हटलं. ते वाक्य तिथे लिहिलेलं नव्हतं.

"बरोबर हाय ना, बाई?"

"थोडं चुकलं," शैला म्हणाली.

परत येताना ती स्टेशनपर्यंत चालत आली. जिच्यासाठी शब्द मोडला, एका माणसाचं वर्ष घालवलं, कुसुमबाईंशी वैर घेतलं, तिच्याजवळ त्यातलं अर्धंच उरलं होतं. तिला रडू आलं नाही. राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. सरांना तिनं जसं होतं तसं सांगितलं. सरांनीही ते तसंच उतरवून घेतलं आणि म्हणाले, "अ वर्गातल्या शाळा सोडलेल्या मुलांचंही असंच आहे. जी वापरत नाहीत त्यांचं जातं."

"मग उपयोग काय झाला?"

"काय झाला तेच बघतोय आपण," सर म्हणाले. त्या 'आपण'कडे शैलाचं तेव्हा लक्ष गेलं नाही.

ब्याऐंशी साली सरांची पीएच.डी. पूर्ण होऊन गेली होती. पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना कळवण तालुक्यातल्या खेड्यांत हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला पैसे दिले. या वेळी त्यांनी आखणी बदलली होती. शाळांचे दोन भाग केले होते. पहिला भाग जूनमध्ये सुरू होणार, दुसरा दिवाळीनंतर. दिवाळीपर्यंत दुसऱ्या भागाशी तुलना करता येईल आणि नंतर कोणीच वंचित राहणार नाही. प्रकल्पासाठी त्यांनी एक शिक्षिका मागून घेतली. ती शैला.

"मी तुमचा वर्ग मोडला होता," ती म्हणाली.

"म्हणूनच. तो कुठे मोडतो हे तुम्हाला ठाऊक आहे."

निवृत्तींनी मुलांकडे बघायचं कबूल केलं आणि आपल्या बहिणीला, अंबूबाईला, घरी आणून ठेवलं. शैला सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं कळवणला जाई आणि शुक्रवारी परत येई. तालुक्याच्या गावी तिनं एक खोली घेतली होती. तिथून ती रोज एकेका शाळेत जायची. कधी बस मिळायची, कधी दुधाच्या गाडीत पुढे बसायला जागा मिळायची, नाहीतर चालणं होतंच. पट्ट्या कशा करायच्या, मुलाला एकेकटं कसं बघायचं, गट कधी बदलायचा हे ती गुरुजींना दाखवी. दुसऱ्या भागातल्या शाळांत मात्र ती फक्त चाचणी घ्यायची आणि यायची.

त्या दुसऱ्या भागात डोंगराकडच्या एका गावची शाळा होती. गुरुजी सावळीराम बागूल, वय पंचविशीच्या आतबाहेर, त्याच पट्ट्यातल्या आदिवासी घरातला मुलगा. चाचणी झाली, मुलं घरी गेली, आणि बागूल गुरुजींनी तिला बसायला घोंगडी टाकली.

"बाई, आमची पाळी दिवाळीनंतर ना?"

"हो."

"दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग खाली होतो. पोरं आई-बापासंगं ऊसतोडीला जातात. थेट शिमग्याला येतात. मंग मी दिवाळीनंतर शिकवू कोनाला?"

"जी राहतील त्यांना."

"जी राहतात ती बऱ्या घरची. ती काय, शिकतातच." गुरुजी शांतपणे बोलत होते. "ज्यांच्यासाठी तुम्ही हे आनलं, ती तर ट्रकमधी बसून गेलेली असत्याल."

शैला म्हणाली, "गुरुजी, मुलं तशीही वाढतात. ती पद्धतीमुळे वाढली की वयामुळे, हे बघायचं तर कोणीतरी थांबायला हवं." आणि बोलता बोलता तिला जाणवलं, की हे वाक्य आपलं नाही. फाटकापाशी सायकल स्टँडवर लावून कोणीतरी तिला हे म्हटलं होतं, आणि ते तेव्हाही बरोबर होतं.

बागूल गुरुजी मान हलवत म्हणाले, "तुमचं खरं हाय." आणि ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ शैलाला चांगला कळला. आठवडा जाईल, दोन जातील, आणि मग हा माणूस एका सकाळी मुलांना जमिनीवर बसवेल. सांगायलाही येणार नाही कदाचित.

"कोणकोणती मुलं जातात, दरवर्षी जाणारी, ते तुम्हाला आत्ताच सांगता येईल?" तिनं विचारलं.

"तोंडपाठ येईल."

"मग मला सोमवारपर्यंत वेळ द्या. तोवर काही सुरू करू नका. मला शब्द द्या."

गुरुजींनी थोडा विचार करून शब्द दिला.

शुक्रवारी ती नाशिकला उतरली ती घरी न जाता पंचवटीत सरांकडे गेली. सरांच्या ओटीवर यात्रेकरूंच्या चपलांची गर्दी होती. आत माडीवर सर एकटे होते. तिनं म्हणणं मांडलं. जी मुलं दिवाळीला जाणार हे आधीच माहीत आहे, ती तुलनेतून आत्ताच बाहेर काढायची. त्यांना कशातच मोजायचं नाही. त्यांना ती स्वतः शिकवेल, शाळेबाहेर, दिवाळीपर्यंत. गुरुजींचा वर्ग ठरल्याप्रमाणे थांबेल.

"वर्ग लहान होईल," सर म्हणाले. "आणि बऱ्या घरच्या मुलांचाच उरेल. तुलना कमकुवत होईल."

"कमकुवत होईल. खोटी होणार नाही."

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "तशाच आणखी शाळा असतील."

"दोन आहेत. मी विचारून आले."

"तिन्ही शाळांना तुम्ही एकट्या पुरणार?"

"पुरेन असं नाही. पण मी विचारायला आलेय, सर. या वेळी आधी विचारतेय."

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. "अहवालात लिहावं लागेल, की ही मुलं का वगळली."

"लिहा."

"ठीक आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे तेव्हा सुचलं असतं तर? एका मुलीला बाजूला काढता आलं असतं."

"मला सुचलं नाही."

"मलाही नाही," सर म्हणाले.

जुलैपासून शैला आठवड्यातून दोन दिवस डोंगराकडच्या गावी, एक-एक दिवस बाकीच्या दोन गावांत, मारुतीच्या पारावर नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मुलं घेऊन बसू लागली. पावसात पट्ट्या भिजत, शाई पसरे, पुन्हा लिहाव्या लागत. मुलांची घरची बोली वेगळी. तिनं पट्टीवर लिहिलेला शब्द पुष्कळदा त्यांचा नसे, आणि त्यांचा शब्द तिला येत नसे. तेव्हा मुलं तिला शिकवत आणि ती तो लिहून परत त्यांच्यापुढे ठेवी. आठवड्यातून एक-दोन दिवस हे थोडं पडत होतं, हे तिला दिसत होतं. कोणी शब्दांपर्यंत पोचलं, कोणी अक्षरांतच राहिलं. दिवाळी झाली आणि ट्रक आले. तिनं प्रत्येकाला पट्ट्यांचा एक जुडगा बांधून दिला. तो कोणी उघडेल याची तिला खात्री नव्हती.

शिमग्याला कुटुंबं परतली तेव्हा ती मुद्दाम जाऊन भेटली. जुडगे बहुतेकांचे हरवले होते. तरी काहींना बरंच टिकलं होतं. तिकडे ऊसतोडीच्या एका पालावर मोठ्या मुलीनं धाकट्यांना घेऊन पट्ट्या मांडल्या होत्या, तिथलं सगळ्यांत जास्त टिकलं होतं. काही मुलं पुन्हा अक्षरावर आली होती. एक मूल परतलंच नाही. ते तिकडेच कोणाकडे गुरं राखायला राहिलं, असं त्याच्या चुलत्यानं सांगितलं.

प्रकल्प तीन वर्षं चालला. अहवाल पंच्याऐंशीत छापून झाला. पद्धतीनं फरक पडतो, असं त्यात निघालं. फरक फार मोठा नव्हता. जिथे गुरुजींनी अर्धा तास पुढच्या वर्षीही चालू ठेवला तिथे तो वाढला, जिथे थांबवला तिथे वर्षभरात बराचसा विरला. वगळलेल्या मुलांबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद होता. त्यात सरांनी शैलाचं नाव घातलं होतं. ते काढा, असं ती म्हणाली होती. सरांनी काढलं नाही.

त्याच सुमाराला कुसुमबाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ आटोपल्यावर त्या शैलाजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तो अर्धा तास मी शेवटपर्यंत सोडला नाही हं." शैला म्हणाली, "मला ऐकू यायचं." यावर दोघी हसल्या. त्या विषयावर दोघींत तेवढंच बोलणं झालं.

पुढे शैलाला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली, दुसऱ्या शाळेत. कार्यालयात बसायचं काम असूनही तिसरीचा पहिला अर्धा तास तिनं स्वतःकडे ठेवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्या शिक्षकांची शिबिरं होत, तिथे तिला बोलावत. सर तेव्हा प्राचार्य झाले होते. त्यांना भाषणाची वेळ नसली की ते तिलाच पुढे करत.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातल्या अशाच एका शिबिरात एका तरुण शिक्षिकेनं हात वर केला. "बाई, एवढं सगळं करून खरंच फरक पडतो का?"

सभागृहात पंखे फिरत होते. पुष्कळांचं लक्ष चहाकडे लागलं होतं.

"पडतो," शैला म्हणाली. "थोडा पडतो. आणि थांबवलं की जातो."

शिक्षिकेला आणखी काही ऐकायचं असावं. ती उभीच राहिली. शैलानं तिला पुढे बोलावलं, समोरच्या खुर्चीत बसवलं आणि एक कोरी पट्टी तिच्या हातात दिली.

"तुमच्या वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणा," ती म्हणाली. "ते घरी रोज वापरतं असा एक शब्द लिहा. मोठ्या अक्षरात."

शिक्षिका पेन उघडून विचार करू लागली. शैलानं बाकीच्यांनाही पट्ट्या वाटायला घेतल्या.